वजा दहा हजार पेन्सिली

गेल्या रविवारी मला जो अपमान सोसावा लागला त्याचे मोल अवघे 50 गुण होते, आणि नेमके तेच मला अजून टोचते. आमचा चौघांचा संघ एका कॅप्चर द फ्लॅग स्पर्धेत उतरला होता. तिघे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि चौथा मी, म्हणजे त्यांचा ‘काका’. मुद्दाम सदोष लिहिलेल्या प्रोग्रामातली फट शोधून आत शिरायचे आणि ‘फ्लॅग’ नावाची ओळ बाहेर काढायची, असा हा खेळ. पोरांनी अवघड प्रश्न आपसांत वाटून घेतले आणि नवशिक्यांसाठीचा सर्वांत सोपा प्रश्न माझ्याकडे सरकवला. मी मात्र तीन दिवस खपून, पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दोन आवृत्त्यांचे भांडण सोडवून, एक्स्प्लॉइट, म्हणजे अशा फटीतून आत शिरण्याची युक्ती, आपोआप तयार करणारे टूल बसवले होते. शनिवारी रात्री साडेअकराला त्याच्या तोंडी तो प्रोग्राम दिला आणि निर्धास्त झोपलो.

सकाळी साडेसातला शेजारचे नाना नेहमीप्रमाणे आमचा पेपर वाचायला आले. नानांनी चौतीस वर्षे बँकेत कॅशियर म्हणून काढली आहेत. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता.

“काय दळतोयस?” त्यांनी विचारले.

मी समजावले की प्रोग्रामात जिथे जिथे ‘जर’ येतो तिथे दोन वाटा फुटतात, आणि हे टूल प्रत्येक वाट चालून पाहते. वीस ‘जर’ आले की वाटा 10 लाखांवर जातात.

“आणि हा सगळ्या चालणार? रिटायर होईल की रे!” असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या खिडकीतला मजकूर मोठ्याने वाचायला घेतला. “ए ए ए ए, बी ए ए ए, सी ए ए ए... हे काय, बालवाडी?”

ती एक ठरावीक अक्षरमाला असते. ती आत कोंबून प्रोग्राम कोसळला, तर कोणत्या अक्षरापाशी कोसळला यावरून फट किती अंतरावर आहे ते कळते. हे मी त्यांना सांगितले.

“मग कोसळला का?”

“नाही.”

“मग आहे तरी काय तो?”

ते दुकान होते. खात्यात 100 नाणी, पेन्सिल 10 नाण्यांना, आणि फ्लॅग 1,00,000 नाण्यांना. नानांनी पेपरची घडी घातली. पैशांचा विषय निघाला की ते ताठ बसतात.

“वजा पेन्सिली घेऊन बघितल्यास?”

“नाना, वजा पेन्सिली कोण घेतो?”

“कोणी घेत नाही, म्हणूनच कोणी तपासत नाही. माझ्या काऊंटरवर एकाने स्लिपवर आकड्याआधी आडवी रेघ मारली होती. मी पकडली. तुझ्या या दुकानात कॅशियर बसलाय का?”

त्यांचे समाधान व्हावे म्हणून मी उणे दहा हजार पेन्सिली मागवल्या. किंमत झाली उणे एक लाख, आणि ती खात्यातल्या शंभरापेक्षा कमीच असल्यामुळे प्रोग्रामाने विनातक्रार ती वजा केली. शिल्लक 1,00,100. फ्लॅग विकत घेतला. “शंभर तसेच्या तसे उरले बघ, टॅली झाले,” असे म्हणून नानांनी चहा मागितला.

आता माझा राग कोणावर, हे मला नीट सांगता येत नाही. ही टूले मुख्यतः एकच खूण ओळखतात : प्रोग्राम कोसळणे, किंवा प्रोग्रामाने पुढची कोणती सूचना पाळायची याचा ताबा आपल्या हाती येणे. इथे काहीच कोसळले नव्हते. दुकानदार अतिशय सभ्यपणे लुटला गेला होता. शिवाय दर खरेदीनंतर तोच मेनू पुन्हा येत असल्याने वाटा फुटतच राहिल्या. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण प्रात्यक्षिकात ही टूले चार ओळींचा प्रोग्राम चार सेकंदांत फोडून दाखवतात, आणि आपण टाळ्या वाजवून घरी येतो. 2016 साली लास व्हेगासला डार्पाने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, निव्वळ यंत्रांची अशीच स्पर्धा भरवली होती. अंतिम फेरीतल्या सात यंत्रांत ‘मेहेम’ पहिले आले आणि त्याच्या कर्त्यांना 20 लाख डॉलर मिळाले. त्यानंतर लगेच डेफ कॉन या हॅकर्सच्या संमेलनातल्या स्पर्धेत ते माणसांविरुद्ध उतरले आणि शेवटचे आले. मला तेव्हा त्या यंत्राची दया आली होती. पण त्याला निदान 20 लाख डॉलर तरी मिळाले होते. माझी रात्र गेली, विजेचे बिल वाढले, आणि पेपरातले शब्दकोडेही नानांनीच सोडवले.

मी फ्लॅग जमा केला. लगेच पोरांपैकी एकाचा संदेश आला : “काका, भारी! टूलने काढला का?”

मी ‘हो’ असे लिहून पाठवले. तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला.

“टूल म्हणजे मी का रे?”