डावी गोणी, उजवी गोणी

इंदूरच्या मराठी कुटुंबाची सहल म्हणजे स्वयंपाकघराचे स्थलांतर, हे मला लग्नापासून ठाऊक होते; मात्र ते स्वयंपाकघर कधीतरी दोन समान वजनांत विभागावे लागेल, याची कल्पना गाढव भाड्याने घेईपर्यंत आली नव्हती.

मूळ खोडी कोलोराडोतल्या भाच्याची. तिकडे गाढवाला ‘बरो’ हा स्पॅनिश शब्द वापरतात आणि त्याच्या पाठीवर सामान लादून माणसे डोंगरांत मुक्कामाला हिंडतात. जुन्या खाणकामगारांच्या आठवणीदाखल तेथे गाढवासोबत धावण्याच्या शर्यतीही होतात. गाढवाच्या पाठीवर कुदळ, फावडे आणि सोने गाळण्याची परात धरून 33 पौंड, म्हणजे सुमारे 15 किलो, ओझे असावे लागते, धावणाऱ्याला मात्र त्याच्यावर बसता येत नाही. 2012 साली त्या राज्याने या प्रकाराला अधिकृत वारसा-क्रीडेचा दर्जा दिला. हे ऐकल्यावर माझ्या कंबरेने परस्पर ठरवून टाकले की, जानापावची टेकडी चढताना यंदा सामान आपण वाहायचे नाही.

महूच्या पुढच्या एका वीटभट्टीवर गाढव मिळाले, खोगीर मात्र करवून घ्यावे लागले. दोन्ही बाजूंना गोण्या अडकवता याव्यात म्हणून त्यावर लाकडाच्या दोन फुल्या असतात. आमच्या सुताराने ती टॉवेल वाळवण्याची घडवंची समजून तिला आपणहून वॉर्निश दिले. खोगिराखाली घोंगडी हवी, आणि ती घालण्यापूर्वी पाठ ब्रशने झाडायला हवी, कारण एक काटकी राहिली तरी पाठीला जखम होते. खोगीरभरती हा शब्द मी आयुष्यभर निरनिराळ्या समित्यांच्या सदस्यांसाठी वापरत आलो होतो. तिची खरी गरज कोणाला असते, ते त्या दिवशी कळले.

ओझे किती असावे याबद्दल आपल्या सरकारचे 1965 चे नियम आहेत. गाढवावर 50 किलोंपेक्षा जास्त लादू नये, दिवसात 9 तासांहून अधिक आणि सलग 5 तासांहून अधिक काम घेऊ नये, पारा 37 अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी 12 ते 3 त्याला कामाला लावू नये. (नोकरीच्या 31 वर्षांत माझ्यासाठी असा नियम कोणी केला नाही.) भाचा त्याहून कडक निघाला. त्याच्या मते जनावराच्या वजनाच्या फार तर पाचवा हिस्सा लादावा, आणि त्यात खोगीरही धरावे. आमचे गाढव अंदाजे सव्वाशे किलोचे. म्हणजे 25 किलो, त्यातले 5 वॉर्निशसह घडवंचीचे. राहिले प्रत्येक बाजूला 10. सौभाग्यवतींनी काढलेले सामान भरले 41.

“अहो, गाढव आहे ना? मग मी कुकर का ठेवू घरी?” हा प्रश्न तर्कदृष्ट्या बिनतोड होता. तरीही हुकाच्या काट्यावर प्रत्येक डबा तोलत आम्ही रात्री साडेअकरापर्यंत गोण्या जुळवल्या. डावीकडे पुऱ्या, बटाट्याची भाजी, लसूण शेव आणि लाडू. उजवीकडे पाणी, सतरंजी आणि आत्याचे उपवासाचे सगळे. फरक अवघा पाव किलोचा राहिला.

सकाळी पंधरा मिनिटे चालून झाल्यावर तंग पुन्हा आवळला, कारण तोवर खोगीर बसते आणि पट्टा सैल पडतो. हे मी सर्वांना दोनदा समजावून सांगितले. पहिल्या विसाव्यात मुलांनी डावी गोणी निम्मी केली. दहा पावले गेल्यावर खोगीर उजवीकडे कलले आणि गाढव उभे राहिले. घाबरलेला घोडा पळतो, गाढव थांबते. पुढून ओढून उपयोग नसतो. मी तरीही ओढले. मालकाने दोन्ही गोण्यांखाली हात घालून अंदाज घेतला आणि शांतपणे म्हणाला, “बाबूजी, अब उधर से भी खाओ.”

उधर साबुदाण्याची खिचडी होती. आत्याने एकटीने तिघांची खावी, अशी नम्र विनंती मी केली. “गाढवाच्या सोयीने मी जेवणार नाही,” असे ती म्हणाली आणि वर तिने दाण्याच्या लाडवांचा डबाही मिटून घेतला. शेवटी रस्त्याकडेचा एक काळा दगड उचलून मी डाव्या गोणीत टाकला. खोगीर सरळ झाले, गाढव चालू लागले.

परतीच्या उतारावर खोगीर पुढे घसरू नये म्हणून मांड्यांमागून वळसा घालणारा पट्टा असतो, तो एवढा एकच सबंध दिवसात विनातक्रार कामी आला.

घरी गोण्या रिकाम्या करताना सौभाग्यवतींनी दगड बाहेर काढला, काट्याला अडकवलेल्या पिशवीत घालून तोलला आणि विचारले, “साडेतीन किलो. एवढ्यात कुकर नसता का बसला?”