हूप खाली घ्यायचा नाही

मागच्या आठवड्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजची चार पोरं कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शॉपवर आली. फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे कॉलेजच्या पोरांची रेसिंग गाड्यांची स्पर्धा, तिची गाडी बनवतायत. चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, टॅक मारून (वेल्डिंगचे कच्चे टिपके देऊन) आणलेली, मेन हूप बेंड करून वेल्डिंग करायचा राहिलेला. मेन हूप म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागं उभी असते ती पाइपची कमान. गाडी उलटली तर डोकं रस्त्याला घासू नये म्हणून. पाइप एक इंची, जाडी २.४ मिलिमीटर. मी कटिंगला घेणार एवढ्यात त्यातला एकजण हळूच म्हणाला, "काका, हूप दोन इंच खाली घेऊया की. गाडी लई बोजड दिसतीया."

त्याला झापणार होतो, पण तोंड उघडलं नाही. कारण २०१८ साली मी स्वतः हेच बोललोय. ह्याच फेसबुकवर.

त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या गाड्यांना हेलो सक्तीचा झाला. (फोनवरचा हॅलो नव्हे. देवाच्या मूर्तीमागं प्रभावळ असते, तो हेलो.) ड्रायव्हरच्या डोक्याभोवती एक कमान आणि पुढं मधोमध एक खांब. मी लिहिलेलं, "एवढी कोटींची गाडी आणि वर स्लीपरचा पट्टा!" दीडशे लाइक आले. स्लीपर हे नाव काही माझ्या डोक्यातलं नव्हे, जगभर लोक हेच म्हणत होते. मॅक्लारेननं तर सीझनच्या पहिल्याच रेसला हेलोवर चक्क एका स्लीपर कंपनीची जाहिरात लावली. आपल्या चप्पल लाइनवाल्यांना हे आधी सुचायला पाहिजे होतं, पण ते जाऊ दे.

मी एकटाच शहाणा होतो असंही नाही. मर्सिडीजचा बॉस टोटो वोल्फ नव्या गाडीच्या लाँचिंगला म्हणाला होता की करवत द्या, कापून टाकतो. आणि हेलोची मूळ कल्पना मर्सिडीजच्याच इंजिनिअरांची! जुना चॅम्पियन ड्रायव्हर निकी लाउडाचाही विरोध होता, ज्या माणसाचा चेहरा १९७६ ला नूर्बुर्गरिंगवर गाडीत भाजला होता. रोमाँ ग्रोजाँ हा ड्रायव्हर तर उघड विरोधात. सगळ्यांचं म्हणणं एकच, उघड्या गाडीचा खेळ आहे, उघडाच राहू द्या. धमक दिसायला पाहिजे.

हे वाक्य कोल्हापुरात कुणाला नवीन आहे? हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की आपण काय म्हणतो? "आमच्या डोस्क्याचं आम्ही बघू." मीही त्यातलाच. गगनबावडा रोडला उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या कांड्यावरनं माझी गाडी घसरली तेव्हा हेल्मेट कोपरात अडकवलेलं होतं. डोक्याला सात टाके. हेल्मेटला ओरखडा नाही.

तर हेलो आला कुठून. १९ जुलै २००९, इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅच, फॉर्म्युला टूची रेस. पुढच्या एका गाडीचं निखळलेलं चाक उडत आलं आणि हेन्री सर्टीसच्या डोक्यावर आदळलं. पोरगं १८ वर्षांचं, जॉन सर्टीस या वर्ल्ड चॅम्पियनचा मुलगा. गेला. त्यानंतर सहाच दिवसांनी हंगेरीत फेलिपे मासाच्या हेल्मेटवर पुढच्या गाडीची सुटलेली स्प्रिंग येऊन बसली. तो वाचला, पण थोडक्यात. दोघांचीही चूक काय, तर डोकं उघडं होतं. २०१५ ला अमेरिकेत पोकोनोला जस्टिन विल्सन असाच गेला, दुसऱ्याच्या गाडीच्या नाकाचा तुकडा लागून.

यातली एकही गोष्ट मला २०१८ ला माहीत नव्हती असं नाही. सगळ्या माहीत होत्या. तरी स्लीपरवर जोक मारला.

माझी बोलती बंद झाली ती २९ नोव्हेंबर २०२० ला. बहारीनची रेस, पहिलाच लॅप. ग्रोजाँची हास गाडी ताशी १९२ किलोमीटरनं रेलिंगमध्ये घुसली, ६७ जीचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ६७ पट, दणका बसला. गाडीचे दोन तुकडे, आणि आगीचा लोळ. रेलिंगच्या पट्ट्या फाकून ड्रायव्हर बसलेला गाडीचा पुढचा तुकडा त्यांच्या मधून आरपार गेलेला. मी आयुष्यभर पत्रा आणि पट्टीच कापतोय, त्यामुळं आग विझल्यावरचे फोटो बघताना माझी नजर थेट त्या पट्ट्यांवर गेली. पट्टी जिथं वाकलेली होती ती उंची म्हणजे माणसाच्या मानेची, डोक्याची. तिथं त्या दिवशी डोकं नव्हतं, हेलो होता. २७ सेकंदांनी ग्रोजाँ स्वतःच्या पायानं बाहेर आला. हात भाजलेले, एक बूट आतच अडकून राहिलेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर दवाखान्यातल्या कॉटवरनं सांगत होता की मी विरोधात होतो, पण हेलो नसता तर आज बोलायला नसतो.

आता आमच्या धंद्यातलं थोडं. हेलो वजनाला सात किलोच्या आसपास, आणि वरनं १२५ किलोन्यूटन म्हणजे साडेबारा टनांहून जास्त भार पाच सेकंद पेलायचा, अशी त्याची टेस्ट. उसानं गच्च भरलेली ट्रॉली डोक्यावर ठेवा, तसं. हे लोखंडात होत नाही, म्हणून टायटॅनियम, ग्रेड ५. टायटॅनियमचं वेल्डिंग काय असतं हे मला ठाऊक आहे, कारण एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी एकदा हात पोळून घेतलाय. वेल्डिंगला नेहमी वापरतो तसा साधा आर्गन गॅस मारला. जोड आधी निळा झाला, मग राखाडी. व्हाइसमध्ये धरून ठोकला तर दुसऱ्याच ठोक्याला खटकन तुटला. गरम टायटॅनियमला हवा लागली की तो आतनं ठिसूळ होतो, त्यामुळं जोडाच्या सगळ्या बाजूंनी आर्गन पाहिजे. जोड चांदीसारखा चमकला तरच पास. सुरुवातीला हेलो बनवायला जगात तीनच कंपन्यांना मान्यता होती ती उगाच नाही.

"मधल्या खांबामुळं समोरचं दिसतं कसं?" हा प्रश्न मला शॉपवर अजूनही विचारतात. एक बोट नाकासमोर उभं धरा आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून. आलं वाचता? बोटाच्या आरपार दिसतंय ना? बस. खांब साधारण तेवढाच आहे.

खोटं कशाला बोलू, हेलो म्हणजे काही अंगारा नव्हे. २०१४ ला जपानमध्ये सुझुकात ज्यूल्स बियांकी हा ड्रायव्हर क्रेनला धडकला. हेलो असता तरी तो वाचला नसता, हे खुद्द एफआयएनंच, म्हणजे रेसचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेनंच, सांगितलं. शिवाय वर कमान आली म्हणून ड्रायव्हरनं बाहेर पडायची मुदत पाच सेकंदांवरून सात करावी लागली. अमेरिकेत इंडीकार नावाच्या रेसमालिकेनं २०२० पासून पुढं पॉलीकार्बोनेटची काचच बसवली, बारीक तुकडेही अडतात, पण आत भट्टी होते म्हणून ड्रायव्हर वैतागलेले.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. सीटवर बसलेल्या माणसाला त्याच्या डोक्याबद्दल विचारूच नये. त्याला गाडी कशी दिसते, रुबाब कसा राहतो, हेच आधी सुचतं. एफआयएनं ड्रायव्हरांचं मत घेऊन बहुमतानं ठरवायचं म्हटलं असतं तर आजही चर्चाच चालू असती. त्यांनी सक्ती केली, शिव्या खाल्ल्या आणि गप्प बसले. २०२१ ला मॉन्झात वर्स्टॅपेनच्या गाडीचं मागचं चाक लुईस हॅमिल्टनच्या हेलोवर चढलं, हेल्मेटला टेकलं. हॅमिल्टन तेव्हा कुणाचा ड्रायव्हर होता? करवत मागणाऱ्या वोल्फचा. रेसनंतर तोच वोल्फ म्हणाला, हेलोनं लुईसचा जीव वाचवला.

हे सगळं त्या पोरांना सांगितलं. मग ३ जुलै २०२२ चा सिल्व्हरस्टोनचा व्हिडिओ दाखवला. झोउ ग्वान्यूची गाडी सुरुवातीलाच उलटी होऊन घसरत जाते, खडीतनं उडून टायरच्या भिंतीपलीकडं जाळीत अडकते. डोक्यामागचा हूप पहिल्याच आपटीला तुटून गेला होता. पुढं सगळा भार हेलोनं घेतला. पुढच्या वर्षी हूपचे नियम कडक झाले.

"तुमच्या गाडीला हेलो आहे?" मी विचारलं.

"नाही काका."

"मग तुमच्याकडं काय आहे?"

"हूपच."

ड्रॉइंगप्रमाणंच बेंड केला. काल पोरं पुन्हा आली. तोच बोजडवाला हेल्मेट घालून चेसीत बसला, मी मेन हूप आणि पुढचा हूप अशा दोन्हींवर सरळ पट्टी टाकली आणि हेल्मेटपासून फट मोजली. नियम ५० मिलिमीटरचा, आली ६२. तो आतनंच म्हणाला, "बारा मिलिमीटर तरी खाली घेता आला असता."

मी पट्टी उचलून ठेवली. थोडा वेळ गेला, मग त्यानंच विचारलं, "हूपला भगवा मारूया काय?"

दे की. दिसायचाच आहे तर नीट दिसू दे.