सिंगापुरात घर फुकट मिळत नाही, भाऊजी

'सिंगापुरात बिल्डर नाहीत, सरकार जमीन विकत नाही, प्रत्येकाला घर फुकट आणि कायमचं' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. एरवी मी सोडून दिला असता. पण भाच्याला तिकडे नोकरी लागली आणि आमच्या भाऊजींनी पुण्यातला फ्लॅट विकायला काढला. म्हणे, तिकडे सरकार देणारच आहे!

आधी 'कायमचं'. तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाची, म्हणजे एचडीबीची, घरं ९९ वर्षांच्या पट्ट्यावर असतात. पट्टा संपला की जागा सरकारजमा. हे नुसतं कागदावर नाही. गेलांगमधल्या लोरोंग ३ इथल्या १९१ घरांचा पट्टा ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि जागा सरकारकडे परत गेली. भरपाई शून्य. ती घरं एचडीबीची नव्हती, पट्टाही ६० वर्षांचाच होता, पण मुदत संपल्यावर काय होतं ते त्यातून स्वच्छ दिसतं.

'फुकट' तर साफ खोटं. एचडीबी १९६४ पासून घरं विकते आणि लोक प्रॉव्हिडंट फंडातून, कर्ज काढून वर्षानुवर्षं हप्ते फेडतात. नव्या घरांवर सवलत असते, पण ती नागरिकांना, तीही उत्पन्नाची मर्यादा बघून. वर्क पासवर गेलेल्या भाच्याला एचडीबीचं घर विकत घेताच येत नाही. खासगी फ्लॅट घ्यायचा, तर परदेशी माणसाला एप्रिल २०२३ पासून ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. १० लाख डॉलरच्या फ्लॅटवर ६ लाख डॉलर नुसते सरकारला!

बिल्डर आहेत, भरपूर आहेत, आणि त्यांना जमीन विकतं ते सरकारच. दर सहा महिन्यांनी भूखंडांच्या दोन याद्या निघतात. एकीतले भूखंड ठरल्या वेळी टेंडरला जातात, दुसरीतले बिल्डरने सरकारला पटेल अशी किमान बोली दिली तरच. २००८ च्या मंदीत पहिली यादी सरकारने थांबवलीच होती.

एवढं मान्य करतो, की बहुसंख्य लोक एचडीबीच्या घरांत राहतात आणि खासगी घरं किती बांधली जावीत यावरही सरकारचा वचक आहे. पण तो आला कुठून? १९६६ च्या भूसंपादन कायद्यातून. कित्येक वर्षं लोकांच्या जमिनी बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात घेतल्या गेल्या. आपला २०१३ चा कायदा ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला देतो, तरी प्रत्येक प्रकल्पाला भांडणं होतात. 'इथेही तसंच करा' म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या गावचा सातबारा डोळ्यांसमोर आणावा.

भाऊजी, पोराला तिथे भाड्यानेच राहावं लागणार आहे. इथला फ्लॅट राहू द्या, भाड्याने द्या. विसार घेतला नसेल, तर आजच एजंटला नाही म्हणून कळवा.