ऑक्झॅलिप्लॅटिनची पोस्ट काढून टाका म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, कमेंट नीट वाचली. तुमची आई केमोच्या चार सायकली (म्हणजे फेऱ्या) झाल्यावर आता पुरे म्हणतेय, आणि ऑक्झॅलिप्लॅटिन या कॅन्सरवरच्या केमो औषधाच्या साइड इफेक्टची माझी पोस्ट वाचून ती घाबरली असं तुम्हाला वाटतंय, तर राग येणारच. तुमचं म्हणणं असं की साइड इफेक्ट डॉक्टरांना माहीत असतात, पेशंटला वाचायला देऊन काय मिळतं, थंड पिऊ नका हे तर घरातल्या आज्यापण सांगतात. आणि जाता जाता लिहिलंय की आईच्या बोटांना मुंग्या येतात, ब्लाऊजचे हूक लावायला वेळ लागतो, पण डॉक्टरांना सांगितलं नाही कारण मग डोस कमी करतील. पोस्ट मी काढणार नाही, आणि का नाही ते त्या शेवटच्या वाक्यातच आहे, त्यावर येतेच.

आधी थंडीचं. हे सर्दी-खोकल्यातलं 'गार नको' नाहीये. ऑक्झॅलिप्लॅटिन शिरेतून गेलं की काही तासांत मज्जातंतूंच्या सोडियम चॅनलवर (संदेश नेणाऱ्या दारांवर) परिणाम करतं, मग गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, जबडा आखडतो, आणि गार पाण्याचा एक घोट गेला तरी घसा आवळून श्वास अडकल्यासारखं होतं. मी डे-केअरला केमो लावते, तिथल्या एका मावशींना हे कुणी धड सांगितलं नव्हतं. रात्री फ्रीजमधलं ताक प्यायल्या आणि गळ्याला हात लावून बसल्या, मुलाने तशीच गाडी काढून कॅज्युअल्टीला आणलं, तर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, अगदी नॉर्मल! घसा खरंच बंद झालेला नसतो, फक्त तसं वाटतं, कोमट पाणी, अंगावर शाल, थोडा वेळ, की उतरतं. पण त्या माऊलीने तेवढ्या वेळात मरण बघितलं हो, आणि एका वाक्यात टळलं असतं. (तुमच्या आईंना असं पहिल्यांदा झालं तर मात्र घरी अंदाज बांधत बसू नका, अ‍ॅलर्जीतही श्वास अडकतो, सरळ हॉस्पिटल गाठा.)

म्हणून केमोनंतरचे चार-पाच दिवस, काहींना जास्तच, पाणी साधं किंवा कोमट, माठातलंसुद्धा नको, फ्रीजमधून काही काढायचं तर दुसऱ्याने काढायचं नाहीतर हातमोजे घालून, फरशीवर अनवाणी नाही, एसी गाडीत नाकातोंडावर स्कार्फ. आणि बर्फ अजिबात नाही. हे मुद्दाम सांगते कारण फाइव्ह-एफयू या दुसऱ्या केमो औषधाने तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायला सांगतात, शेजारच्या बेडवरच्या कुणी ते सांगितलं की आपले लोक लगेच करतात, पण ऑक्झॅलिप्लॅटिन सोबत असेल तर ते चालत नाही. सुईच्या जागी आग झाली, सूज आली तरी बर्फ लावायचा नाही, तिथल्या तिथे सिस्टरला हाक मारायची.

आता मुंग्या. थंडीच्या झिणझिण्या येतात आणि जातात, पण हूक लागत नाही ही वेगळी गोष्ट आहे. या औषधातलं प्लॅटिनम हळूहळू मज्जातंतूंच्या मुळाशी साठत जातं, प्रत्येक सायकलीला भर पडते, आणि औषध बंद केल्यावरही काही महिने हे वाढू शकतं. हे रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही दादा. रक्तपेशींचे काउंट दिसतील, लिव्हर दिसेल, पण साडीच्या निऱ्या नीट बसत नाहीत, चप्पल पायातून कधी निसटली कळलं नाही, गरम पातेल्याचा चटका उशिरा समजला, हे आईंनी सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळायला काही मार्गच नाही. डोस किती द्यायचा, थांबायचं की नाही, हे ते याच्यावरच ठरवतात.

आणि डोस कमी केला म्हणजे ट्रीटमेंट वाया गेली असं नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तिसऱ्या स्टेजमधल्या बारा हजारांहून जास्त पेशंटचा एकत्र अभ्यास २०१८ साली छापून आला, तीन महिने केमो विरुद्ध सहा महिने. कमी रिस्कच्या बऱ्याच पेशंटना तीन महिने जवळपास तेवढेच उपयोगी ठरले, आणि त्रास देणाऱ्या मुंग्या सहा महिनेवाल्यांत ४५ टक्क्यांच्या वर, तीन महिनेवाल्यांत १५ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या आई कोणत्या गटात बसतात ते त्यांचे डॉक्टरच सांगतील, मी नाही. शिवाय फाइव्ह-एफयू चालू ठेवून नुसतं ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवता येतं, हे रोज होतं. मुंग्या लपवल्या आणि सायकली पूर्ण केल्या तर पुढे बाई घरात धडपडते, सुईत दोरा ओवता येत नाही, आणि तेव्हा 'आधी का नाही बोललात' असं विचारण्यात काय अर्थ आहे?

धीर देणारी गोष्टही सांगते. २००४ साली छापलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये हे औषध घेणाऱ्या साधारण १२ टक्क्यांना ट्रीटमेंट चालू असताना मुंग्यांचा गंभीर त्रास झाला, पण वर्षभराने तेवढा गंभीर त्रास एक टक्क्याच्या जवळपास उरला होता. आईंना हे जरूर वाचून दाखवा.

बाकी दोनच गोष्टी, कारण यात उशीर जिवावर बेततो. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असू शकतात. आणि पाच-सहा सायकली काही न होता पार पडल्या म्हणून अ‍ॅलर्जी होणार नाही असं समजू नका, ऑक्झॅलिप्लॅटिनची अ‍ॅलर्जी बऱ्याचदा उशिराच येते. सलाईन चालू असताना तळहाताला खाज, चेहरा लाल, छातीत किंवा पाठीत दुखणं, यातलं काहीही झालं तर 'थोडंसंच आहे' म्हणून गप्प बसायचं नाही.

आईंना पाचव्या सायकलीला जबरदस्तीने नेऊ नका, आणि परस्पर बंदही करू नका. त्याआधी ओपीडीला घेऊन जा, हुकाचं त्यांनाच सांगू दे, तुम्ही मधे बोलू नका. मुंग्या कधी सुरू झाल्या, दोन सायकलींच्या मधे पूर्ण जातात की राहतात, पायालाही आहेत का, हे घरीच विचारून कागदावर लिहून न्या, डॉक्टर पहिलं हेच विचारतील.