म्हणे पॅच टिकत नाही! तुम्ही सांगताय तशी ट्यूब बसवली तर नवीन पण नाही टिकणार

सायकलची ट्यूब झटपट कशी बसवायची यावरचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पॅच म्हणजे तात्पुरती सोय, पंक्चर काढलेली ट्यूब लवकरच परत जाणार. तरी बसवायचीच असेल तर आधी बाहेर टम्म फुगवून बघा, मग सगळी हवा काढून चपटी करून आत घाला, वॉल्व्हचा नट आवळा, वॉल्व्हपासूनच टायर चढवायला घ्या, शेवटी अडलं की स्क्रूड्रायव्हर घाला, तरी जड गेलं तर तेल लावा आणि एकदम फुल हवा मारा. गंमत अशी की एवढं सगळं मनापासून केलं तर ट्यूब खरंच लगेच जाते, आणि मग माणूस म्हणतो बघा, मेसेजमध्ये बरोबर लिहिलं होतं.

आता एकेक घेऊ.

"पॅच तात्पुरता असतो." सोल्युशन लावून नीट मारलेला पॅच ट्यूबच्या रबराशी एकजीव होतो आणि ट्यूब जुनी होऊन टाकेपर्यंत राहतो. तात्पुरते असतात ते स्टिकरसारखे चिकटवायचे, बिनसोल्युशनचे पॅच, तेवढ्यांपुरतं मेसेजवाल्याचं म्हणणं मान्य. बाकी पॅच सुटतो तो घाईमुळे. पॉलिश पेपरने घासलं नाही, किंवा सोल्युशन ओलं चमकत असतानाच वर पॅच दाबला. त्याची चमक जाईपर्यंत थांबायचं असतं, आणि ती पाच मिनिटं म्हणजे लोकांना जन्मठेप वाटते.

पण खरा मुद्दा वेगळाय. ट्यूब परत गेली की पॅचला शिव्या घालायच्या आधी नवीन भोक कुठंय ते तरी बघा ना! पॅचच्या कडेतून बुडबुडे आले तर पॅच दोषी, विषय संपला. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर ट्यूब चिमटली गेलीय, बसवताना टायरची कड उचलायच्या लिव्हरखाली, नाहीतर कमी हवेत खड्ड्यात आपटून. भोक रिमच्या बाजूला असेल तर आतली रिमची पट्टी सरकलीय किंवा स्पोकचं टोक वर आलंय. आणि भोक बाहेरच्या बाजूला, पहिल्याच जागेच्या आसपास असेल तर काटा अजून टायरमध्येच बसलाय, अशा वेळी नवीन ट्यूब टाका नाहीतर दहा टाका, सगळ्या जाणार. त्यासाठी सोपं काम असं की टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी वॉल्व्हपाशीच आणायचं. मग ट्यूबवर भोक सापडलं की वॉल्व्हपासूनचं अंतर मोजून टायरवर ती जागा दोन मिनिटांत मिळते (ट्यूब कुठल्या तोंडाने होती ते विसरलात तर दोन जागा तपासा, बस). आतून सुती फडकं फिरवा, बोट नको, कापेल. फडकं जिथे अडकेल तिथे काहीतरी आहे. मोठ्या गाड्यांच्या फाटक्या टायरमधल्या तारेचे बारीक तुकडे रस्त्यावर पडलेले असतात, ते तर बाहेरून दिसतच नाहीत, सायकलवर वजन आलं की तेवढ्यापुरतं टोक आत येतं आणि ट्यूबला टोचतं.

"बाहेर टम्म फुगवून तपासा." का पण? टायरच्या बाहेर ट्यूबला आवरायला काहीच नसतं, ती भसाभस ताणली जाते आणि पॅच तेवढा ताणत नाही, मग त्याच्या कडा उचलतात. म्हणजे तपासण्याच्या नादात आत्ताच केलेलं काम उखडायचं. गोल होईल इतपत हवा आणि पाण्याची बादली, एवढं पुरे.

"चपटी करून घाला." उलटं आहे. पंपाचे दोनतीन हात मारून ट्यूबला जरा आकार येऊ द्या, मग ती टायरमध्ये सरळ बसते, पीळ पडत नाही आणि टायरच्या कडेखाली घुसत नाही. चपटी ट्यूब आत कुठे दुमडलीय हे कळतसुद्धा नाही. हां, शेवटचा तुकडा चढवताना ती थोडी हवा आड येत असेल तर तेव्हा सोडा.

आता वॉल्व्हपासून सुरुवात करायचा सल्ला. सगळ्यात जास्त अंगठे यानेच सोलले असतील. रिमचा आडवा छेद डोळ्यासमोर आणा, दोन बाजूला टायरची कड टेकते त्या पायऱ्या आणि मधे खोलगट चर. कड पायरीवर असताना टायर घट्ट, चरात उतरली की सैल. किती सैल, तर पाऊण घेरावर कड ३ मिमी खाली गेली तर जवळजवळ १४ मिमी सुटतात, आणि चाक लहान असो की मोठं, हा हिशोब तोच राहतो. बोटाएवढी जागा झाली की ही! पण वॉल्व्हपाशी ट्यूबचा जाड बुडखा त्याच चरात बसलेला असतो, तिथे कड उतरूच शकत नाही. मग आधी वॉल्व्हपाशी चढवून शेवट समोरच्या बाजूला केला तर वॉल्व्हकडचा भाग पायरीवरच अडकून राहतो आणि नेमका शेवटी लागणारा सैलपणा मिळत नाही. म्हणून सुरुवात वॉल्व्हच्या बरोब्बर समोरून, दोन्ही हातांनी दोन्हीकडून कड चढवत यायची आणि शेवट वॉल्व्हपाशी. तिथे पोचलात की वॉल्व्ह आत टायरकडे ढकला, म्हणजे बुडखा कडेखाली चिमटणार नाही, मग खाली ओढून सरळ करा. नट आधीच आवळलेला असेल तर हे ढकलणं जमणारच कसं? रिमवरचा नट शेवटी, तोही नुसत्या बोटांनी. मात्र साध्या सायकलच्या डनलॉप वॉल्व्हला वर अजून एक नट असतो, आतला वॉल्व्ह धरून ठेवणारा, तो मात्र घट्टच हवा. लोक याच दोन नटांची गल्लत करतात.

स्क्रूड्रायव्हरबद्दल काय बोलणार. वर सांगितलेल्या दोन चिरा आठवा. शेवटचा तुकडा जात नसेल तर समोरच्या बाजूपासून दोन्ही हातांनी टायर दाबत, कड चरात ढकलत पुन्हा वॉल्व्हपर्यंत या, मग तळहाताने रेटा. अगदीच नाही झालं तर प्लास्टिकचा लिव्हर, थोडं थोडं उचलून, खाली ट्यूब नाही हे बघून.

तेल तर अजिबात नको. खनिज तेल, ग्रीस यांनी रबर फुगतं आणि मऊ पडतं, आणि ब्रेक रिमवर लागणारे असतील तर तेलकट रिमवर ब्रेक लागणार नाही, मग पंक्चर हा तुमचा सगळ्यात छोटा प्रश्न असेल. साबणाचं पाणी लावा, वाळून जातं. ट्यूबला टाल्कम पावडर चोळली तर उरलेलं सोल्युशन टायरला चिकटत नाही.

आणि एकदम फुल हवा? आधी अर्धीमुर्धी भरा. टायर दोन्ही बाजूंनी हाताने बाजूला सारून पूर्ण गोल फिरून बघा, ट्यूब कुठे डोकावत नाही ना. मग टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ असते ती बघा, चाक फिरवलं की ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी वर आली असेल तर थांबा, हवा सोडा, हाताने नीट करा, कारण तिथूनच ट्यूब बाहेर येऊन फाटकन फुटते आणि तो आवाज कानाशी झाला तर बराच वेळ काही ऐकू येत नाही. सगळं ठीक असलं तरी एकदा पूर्ण हवा सोडून परत भरलेली बरी, आतल्या सुरकुत्या निघतात. किती भरायची तो आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो, त्याच्या वर जाऊ नका.

आणि सकाळी टायर मऊ लागला तर लगेच चाक खोलू नका. वॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला तर डनलॉप वॉल्व्हमधली छोटी रबरी नळी, म्हणजे वॉल्व्ह ट्यूब, फाटलेली असायची शक्यता जास्त, ती बदलायला टायरला हातही लावावा लागत नाही.