दोन थेंब टर्बियम आणि हमखास स्फटिक?

“मावशी, शेवटचा कॉलम नाही चालवला तर चालेल का गं?” पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या, क्ष-किरणांनी रचना पाहता यावी म्हणून प्रोटीनचे स्फटिक करणाऱ्या भाचीचा हा प्रश्न (कॉलम म्हणजे प्रोटीन शुद्ध करायची नळी) ऐकून मी आधी तिलाच झापणार होते. मग तिने तो मेसेज पाठवला: “धातूचं कॉम्प्लेक्स टाका, कुठलंही प्रोटीन एका रात्रीत स्फटिक देतं. शुद्धीकरणाची कटकट संपली. कॉम्प्लेक्स नसेल तर टर्बियम क्लोराइडही चालतं. अतिनील दिव्याखाली हिरवं चमकलं की समजा जमलं. फेजचा प्रश्नही आपोआप सुटतो.” (टर्बियम हा एक धातू; कॉम्प्लेक्स म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधलेला धातू; आणि फेज म्हणजे क्ष-किरणांच्या ठिपक्यांत हरवणारी लहरींची माहिती, जिच्याशिवाय रचना काढता येत नाही.) तिच्या ग्रुपवर याला नुसते अंगठे पडलेत.

शुद्धीकरणाचंच आधी घेते, कारण खरं नुकसान तिथे आहे. स्फटिक म्हणजे एकसारखे असंख्य रेणू एकाच पद्धतीने रांगेत बसलेले. कॉम्प्लेक्स काय करतं? प्रोटीनच्या पृष्ठभागावरच्या ॲस्पार्टेट-ग्लुटामेट या अमिनो आम्लांच्या ऋणभारित टोकांना धरतं आणि नशीब असेल तर दोन शेजाऱ्यांमधला सांधा होतं. पण तशी टोकं भेसळीतल्या प्रोटीनवरही असतात. आपलं कोण आणि उपरं कोण, धातूला काय कळतंय! सगळ्यांचे मिळून गठ्ठे वळले की तळाशी उरतो गाळ.

आणि “क्लोराइडही चालतं” लिहिणाऱ्याला तर कोपरापासून नमस्कार. कॉम्प्लेक्समध्ये टर्बियमभोवती सेंद्रिय रेणूचं कडं असतं, ते त्याला बांधून ठेवतं. क्लोराइड पाण्यात विरघळलं की टर्बियम मोकाट. समोर फॉस्फेट आलं की झालं न विरघळणारं टर्बियम फॉस्फेट. भाचीचा बफर, म्हणजे प्रोटीन ठेवायचं आम्लता राखणारं द्रावण, नेमका फॉस्फेटचा. थेंबात पांढरी भुकटी आली, तर बाई तिला सूक्ष्म स्फटिक समजून फोटो काढत बसलेल्या! म्हटलं, प्रोटीन न घालता तोच थेंब लावून बघ. फोन चालू असतानाच तोही पांढरा झाला. पलीकडे बराच वेळ शांतता. तीन आठवड्यांचं प्रोटीन त्या प्लेटमध्ये गेलं होतं.

“कुठलंही प्रोटीन” म्हणे. घोड्याच्या प्लीहेतलं फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रोटीन, कॅडमियम सल्फेटने स्फटिक देतं, हे 1937 पासून माहीत आहे. माणसाच्या फेरिटिनच्या एच साखळीत मात्र 86व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असतं, तिथे कॅडमियमचा पूल बांधला जाईना. संशोधकांनी जनुक बदलून त्या जागी ग्लुटामिन बसवलं, तेव्हा कुठे जमलं. 1991 साली रचना छापून आली. एवढ्या जवळच्या भावंडांत ही तऱ्हा!

चमकण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. 2017 साली ‘केमिकल सायन्स’मध्ये ‘क्रिस्टलोफोर’ नावाच्या टर्बियम कॉम्प्लेक्सवर निबंध आला, या सगळ्या गोष्टीचं मूळ बहुधा तोच. काम चांगलंच आहे. प्रोटीनचे स्फटिक चमकेवरून इतर स्फटिकांतून वेगळे ओळखता येतात, हे त्यात आहे. पण त्यात प्रोटीनं किती? आठ. त्यातल्या दोहोंची रचना आधी माहीत नव्हती. त्या आठांचं ‘कुठलंही’ मेसेजवाल्याने परस्पर केलं. शिवाय चमक सांगते ती टर्बियम कुठे आहे एवढंच. क्ष-किरणांत तो स्फटिक नीट ठिपके देईल की नुसती धूसर वलयं, ते ती सांगत नाही.

फेजचंही तसंच. सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, तरंगलांबी 1.65 आंगस्ट्रॉमच्या आसपास ठेवली की टर्बियमचा संकेत दणदणीत मिळतो, खरं आहे. पण त्यासाठी स्फटिक हातात हवा, आणि टर्बियम प्रत्येक रेणूवर ठरलेल्या जागीच बसलेला हवा. “आपोआप” यातलं काहीच होत नाही.

“एका रात्रीत”वर मी बोलतच नाही.

भाची पुन्हा कॉलमवर बसली आहे. या वेळी बफर हेपेसचा, ज्यात फॉस्फेट नाही, आणि प्लेटमध्ये एक ओळ कॉम्प्लेक्सची, तर शेजारची त्याच्याशिवाय.