कुंपण मागणाऱ्यांना, स्विंडनहून

आमच्या शाळेतल्या जुन्या सोबत्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर गेला आठवडाभर बागेवरून वाद चालला आहे. रविवारी संध्याकाळी पणजी शहरातल्या बागेत आपल्या माणसाला बसायला बाकडे मिळत नाही, सगळीकडे भायले, म्हणजे गोव्याबाहेरून आलेले लोक, बसलेले असतात, हिरवळीवर जेवणाचे डबे उघडले जातात आणि त्यांची पोरे फुले तोडतात, अशी तक्रार एकाने केली. त्यावर दुसऱ्याने, जो सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाला आहे, लगेच तोडगा मांडला: उंच कुंपण, एकच फाटक, वीस रुपयांचे तिकीट, आणि ज्याच्याकडे गोव्यातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला असेल त्याला मोफत प्रवेश. या योजनेला भराभर अंगठे मिळाले. तेवढ्यावर थांबला असता तर मी नेहमीप्रमाणे गप्प बसलो असतो, पण त्याने शेवटी माझे नाव घेऊन लिहिले की परदेशात बागा अशाच सांभाळल्या जातात, हवे तर ह्याला विचारा.

विचारलेच आहे, तर सांगतो. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातील टाउन गार्डन्स ही बाग दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर वसवून 1894 साली लोकांना खुली करण्यात आली. तिथे बँडस्टँड आहे, गुलाबांचे वाफे आहेत, उन्हाळ्यात रविवारी गर्दी असते आणि आत जाताना कोणी कोणाला काही विचारत नाही. गावाबाहेरचे लिडियार्ड पार्क तर एका जहागीरदार घराण्याचे होते. ते 1943 साली, ऐन युद्धात, स्विंडनच्या नगरपालिकेने विकत घेतले आणि आज तिथल्या तळ्याकाठी माझ्यासारखे गोदामात रात्रपाळी करणारे लोक घरून आणलेले शाकुतीचे डबे उघडून बसतात. आमच्या अभियंत्याला हे चित्र पटणार नाही. त्याच्या डोक्यातले परदेश हे बहुधा सिंगापूरच्या सहलीत बसच्या खिडकीतून पाहिलेले असावे.

तिकिटाचा प्रयोग या देशात होऊन गेलेला आहे. डर्बी शहरात जोसेफ स्ट्रट नावाच्या गिरणीमालकाने 1840 साली झाडांची एक मोठी बाग गावाला दिली आणि तिच्या देखभालीसाठी आठवड्यातून पाच दिवस प्रवेशमूल्य ठेवण्यात आले. रविवार आणि बुधवार तेवढे मोफत. रविवारच का, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गिरणी कामगाराला सुटी त्याच दिवशी असे, आणि बाग मुळात त्याच्यासाठी होती. पुढे 1882 मध्ये ते मूल्यही काढून टाकण्यात आले. म्हणजे ज्या माणसाला रविवारी बागेबाहेर ठेवावे असे आमच्या गटाला वाटते, नेमक्या त्याच माणसाला रविवारी आत घेण्यासाठी सार्वजनिक बाग ही गोष्ट इथे जन्माला आली. धुराने भरलेल्या गावात एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्याला आठवड्यातून एकदा पाय पसरायला जागा हवी, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. पणजीच्या किंवा म्हापशाच्या आसपास पत्र्याच्या खोलीत सहा जणांत राहणाऱ्या गवंड्याचा हिशोब याहून वेगळा कसा असेल? आपल्याला निदान गावात जाऊन देवळाच्या सभामंडपात किंवा घराच्या सोप्यावर बसता येते.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर 2016 सालचे आहे. इथून तासाभराच्या अंतरावर, ब्रिस्टलच्या कडेला, लिटल स्टोक पार्कमध्ये दर शनिवारी सकाळी लोक जमून पाच किलोमीटर धावत असत. पायवाटा झिजतात म्हणून तिथल्या पॅरिश काउन्सिलने, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेने, या धावणाऱ्यांच्या संयोजकांकडे पैसे मागायचा ठराव केला. देशभर बोंब झाली, संयोजकांनी पैसे द्यायचे नाकारले आणि तिथले धावणे बंद पडले. काउन्सिलला पैसे मिळाले नाहीतच, वर नाव खराब झाले ते वेगळे. कुंपणाचेही तेच. दुसऱ्या महायुद्धात लोखंड हवे म्हणून इथल्या असंख्य बागांचे लोखंडी कठडे कापून नेण्यात आले आणि पुष्कळ ठिकाणी ते पुन्हा बसवलेच गेले नाहीत. त्यामुळे बागा उजाड झाल्या असे कोणी म्हणताना मी ऐकलेले नाही.

आता यावर गटातला एखादा शहाणा विचारील की मग पैसा येतो कुठून. तिथे मात्र इथलेही फारसे मिरवण्यासारखे नाही, आणि ते मी लपवून ठेवले तर अप्रामाणिकपणा होईल. इंग्लंडमध्ये बागा सांभाळणे हे स्थानिक सरकारचे कायद्याने बंधनकारक काम नाही. वृद्धांची देखभाल बंधनकारक आहे, बाग नाही. त्यामुळे कात्री लागते तेव्हा आधी बागेला लागते. संसदेच्या समितीने 2017 साली बागांच्या दुरवस्थेवर अहवाल दिला, पण कायद्याचे बंधन घालावे अशी शिफारस करायचे तिनेही टाळले. त्याच वर्षी स्विंडनमध्ये शहराच्या बऱ्याचशा बागा, गवतकापणी आणि केरकचरा नव्या पॅरिश काउन्सिलांच्या गळ्यात घालण्यात आला आणि आमच्या काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरपट्टीच्या, बिलावर प्रिसेप्टची, म्हणजे पॅरिशच्या वाट्याची, ओळ फुगली. मी दरवर्षी ते बिल आले की चरफडतो. पण त्या ओळीमुळे एक गोष्ट झाली: बागेचे पैसे कोणी, किती आणि कशासाठी घेतले हे घरपोच छापून येते, आणि काम झाले नाही तर कोणाला धारेवर धरायचे हे ठाऊक असते. आपल्याकडे एक बाग वन खात्याची, दुसरी नगरपालिकेची, तिसरीचे नूतनीकरण आणखी कुठल्या योजनेतून. उद्घाटनाच्या कोनशिलेवर सगळ्यांची नावे असतात आणि नळ गळू लागला की एकही नाव उपयोगी पडत नाही.

आणि माळी? आठवडाभराच्या त्या वादात कुंपण आले, तिकीट आले, सीसीटीव्ही आला, पण माळी हा शब्द एकदाही आला नाही, याची मला खरी चीड आली. गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने जांभ्या दगडावरची ती पातळ माती तापत राहते. इंग्लंडमधली हिरवळ हे देवाचे देणे आहे, वर्षभर थोडे थोडे शिंपण आकाशातूनच होते आणि माणसाने फक्त मार्चपासून यंत्र फिरवायचे. पणजीतली हिरवळ जानेवारीत हिरवी दिसत असेल तर ती कोणीतरी रोज पाण्याची नळी ओढत नेऊन राखलेली असते. पावसाळ्याआधी वाळक्या फांद्या उतरवणे, नव्या रोपांना आळी करणे, सावलीत माजलेले तण खुरपणे, पहिल्या मोठ्या पावसात गटारात जाणारा पालापाचोळा वेळेत उचलणे ही सगळी कामे वेळच्या वेळी न झाल्यास वीस रुपयांच्या तिकिटाने काय उगवणार आहे? हे काम करणारा माणूस पुष्कळदा कंत्राटावर असतो, कंत्राट बदलले की तोही बदलतो, आणि कोणत्या झाडाला किती पाणी लागते हे तीन वर्षे बघून शिकलेला तो माणूस निघून गेल्यावर दुसरा पुन्हा पहिल्यापासून शिकतो. आणि गटाला हे ऐकायला आवडणार नाही, पण तो बहुधा विजापूर किंवा गदग बाजूचा असतो. ज्यांच्यापासून बाग वाचवायची आहे, त्यांच्याच हातांनी ती उभी आहे.

(इथले बागकामगारही काही राजे नाहीत. त्यांच्यातही कंत्राटदाराचे लोक असतातच, आणि वाफ्यांत दर हंगामी फुले लावण्याऐवजी रानफुलांचे बी फेकून त्याला पर्यावरणाचे नाव द्यायची नवी टूम काटकसरीपोटी निघाली आहे असे मला वाटते. निदान यंत्रावर बसलेल्या माणसाला लोक हात करतात, आणि मोडलेल्या झोपाळ्याची तक्रार केली तर कोणीतरी येऊन बघून जाते.)

भायल्यांचाच विषय निघाला आहे तर पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला कोणाचे नाव आहे ते आमच्या मंडळींनी एकदा आठवावे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगालमधून 1534 साली गोव्यात आलेला वैद्य होता, ज्यू वंशाचा, बाटवलेल्या घराण्यातला. त्याने इथल्या वैद्यांकडून आणि बाजारातून औषधी झाडपाल्याची माहिती गोळा केली आणि 1563 साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात माड, फणस, आंबा यांच्यासह ती युरोपला सांगितली. तो 1568 मध्ये वारला. पुढे 1580 साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली, कारण तो आतून त्यांच्यातला नव्हता असे ठरले होते. त्याच बागेतल्या खांबावर एके काळी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, मुक्तीनंतर तिथे अशोकाचे सिंह आले. आपला कोण आणि परका कोण याचा निकाल गोव्यात इतक्या वेळा फिरला आहे की तो फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या हाती द्यायला मी तरी धजणार नाही.

मला एवढे लागायचे कारण सरळ आहे. इथल्या फेसबुकवरच्या स्थानिक पानांवर आमच्याबद्दलही नेमके हेच लिहिले जाते. गोवेकर टोळक्याने बागेत बसतात, मोठ्याने बोलतात, रात्री उशिरापर्यंत हलत नाहीत, बाकाखाली बाटल्या ठेवून जातात. यातले काही खरे आहे, आणि ज्यांचे आहे त्यांना आम्ही कोंकणीतून पुरेशा शिव्या घालतो. परंतु त्या बाकावर बसणाऱ्याने नुकतीच बारा तासांची पाळी संपवलेली असते, घरी एका खोलीत दोघे जण झोपेचे वाटे करून राहत असतात, आणि गावच्या तिठ्यावर उभे राहून चार शब्द बोलायची जी सवय हाडीमाशी भिनलेली आहे तिला या शहरात बागेशिवाय दुसरी जागा नसते. चवथीला आम्ही घरात आरती करतो, सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, दुसरे लोक जमतात, पण एरवी हिंदू गोवेकर, किरिस्तांव गोवेकर, मराठीत पत्र लिहिणारा आणि रोमी लिपीतल्या कोंकणीत प्रार्थना म्हणणारा, सगळे एकत्र दिसतात ते बागेत. गोव्यात असताना माझी या लोकांशी एवढी ऊठबस नव्हती, हेही सांगून टाकतो. मांडावर जमणारे आम्ही वेगळे आणि फेस्ताच्या फेरीला जाणारे ते वेगळे, असेच आमच्या गावात होते.

आता राहिला माझ्या अधिकाराचा प्रश्न, जो गटावर उघड कोणी काढला नाही तरी दोघातिघांच्या लिहिण्यात होता. वडील 1961 च्या डिसेंबरपूर्वी, म्हणजे गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना, जन्मलेले, म्हणून त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवला गेला, मग माझा, आणि त्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कागदावर मी इथे आलो. भारताचा पासपोर्ट गेला, मतदार यादीतले नाव गेले, हातात परदेशी नागरिक झालेल्या भारतवंशीयांना मिळते ते ओसीआय कार्ड राहिले. पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यातल्या करारामुळे मला स्विंडनच्या स्थानिक निवडणुकीत मत आहे. टाउन गार्डन्समध्ये गुलाब लावावेत की गवत, यावर मी रीतसर बोलू शकतो. पणजीतल्या बागेबद्दल बोलायचा मला कायद्याने काहीही हक्क उरलेला नाही, आणि तरी तिच्या कुंपणाची बातमी वाचून माझी झोप उडते, तर इथल्या सभेला मी अजून एकदाही गेलेलो नाही. याला काय म्हणावे ते म्हणा.

मी गटावर एवढेच विचारले की रहिवासाचा पंधरा वर्षांचा दाखला आता मला मामलेदार देणार नाही, तेव्हा डिसेंबरात सुटीवर आल्यावर मी तिकीट काढायचे का, आणि काढायचे तर गोवेकराच्या दराचे की परदेशी पाहुण्याच्या. अभियंत्याने हसण्याची चिन्हे टाकून उत्तर दिले, “अरे, तुका कोण आडायतलो? तूं आमचोच न्हय?” त्याचे म्हणणे खोटे नाही. चेहरा, आडनाव आणि बोलण्याची ढब यांच्या जोरावर परदेशी नागरिक असूनही मला फुकट आत सोडतील, आणि पहाटे ज्याने त्या बागेतल्या झाडांना पाणी घातले तो माणूस संध्याकाळी बायकामुलांना घेऊन आला तर त्याला माणशी वीस रुपये मोजावे लागतील.